पाकिटं छापायच्या आधी

माझ्या वडिलांचा सांगलीत लहानसा छापखाना होता. नवा धंदा काढणारा माणूस बँकेत जायच्या आधी आमच्याकडे यायचा. पावतीपुस्तकावर स्वतःचं नाव छापलेलं बघताना त्या माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, ते मी शाळेतून आल्यावर मशीनमागे बसून कितीदा तरी पाहिलंय. पुढे मी कंपनी सेक्रेटरी झाले, म्हणजे कंपन्यांच्या नोंदणीची आणि कायद्याची कामं बघणारी. गेली अठरा वर्षं तशीच माणसं माझ्यासमोर बसतात, पण बरेचदा नाव छापून झाल्यावर. या महिन्यात नावाबद्दल चार पत्रं आली. पहिल्या पत्रातल्या ताईंनी छापायच्या आधी विचारलंय, म्हणून सगळ्यात जास्त जागा त्यांना देते.

प्रश्न : ताई, मी कुडाळजवळ राहते. चार वर्षं घरून मालवणी मसाला, कुळथाचं पीठ आणि कोकम सरबत विकते. आजीला सगळे ज्या नावाने हाक मारायचे तेच नाव मालाला दिलंय. उद्यमचं प्रमाणपत्र आहे, अन्न परवाना आहे, बँकेत त्या नावाने चालू खातं आहे. आता मुंबईतल्या दुकानांत माल द्यायचा आहे आणि पाच हजार पाकिटं छापायला टाकायची आहेत. नाव माझं पक्कं झालंय ना? की अजून कुठे राखून ठेवावं लागतं?

उत्तर : नाही, अजून पक्कं झालेलं नाही. वाचून वाईट वाटेल, पण पाच हजार पाकिटं घरात येऊन पडल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

तुमच्याकडचे तिन्ही कागद खरे आणि कामाचे आहेत. पण धंदा कोण करतं याची नोंद ते ठेवतात. नाव कुणाचं, याची नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती आधारवर होते आणि फुकट होते. तुमच्याच नावाचा उद्योग उद्या धुळ्यात कुणी नोंदवला तर पोर्टल त्याला अडवणार नाही. अन्न परवान्याचंही तेच. बँक कागद बघून खातं उघडते. दुकान कायद्याच्या नोंदीला आपण शॉप अॅक्ट म्हणतो, मुंबईकर गुमास्ता म्हणतात. थोडीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे ती सरकारला दिलेली नुसती सूचना असते. पुढे जीएसटी घ्याल तेव्हा तिथे ‘ट्रेड नेम’ असा रकाना येईल. त्यात जे लिहाल ते प्रमाणपत्रावर छापून येईल, पण त्यानेही नावावर हक्क येत नाही.

आणि राखून ठेवायचं म्हणाल, तर ती सोय कंपनीला आणि एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, आहे. एकट्या मालकाच्या धंद्याचं नाव राखून ठेवणारं दप्तर सरकारकडे नाही. तुमच्यासाठी वाट आहे ती ट्रेडमार्कची, म्हणजे मालाचं नाव आपल्या हक्काचं म्हणून सरकारकडे नोंदवण्याची.

हे मी इतकं जीव तोडून सांगते त्याला कारण आहे. २००९ साली माझी प्रॅक्टिस दोन वर्षांची होती. चिवडा-चकली करणाऱ्या एका बाईंना प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून हवी होती. कंपन्यांच्या सरकारी रजिस्ट्रारकडून नाव मंजूर झालं आणि मी त्यांना फोन केला, “नाव मिळालं, आता छापायला हरकत नाही.” ट्रेडमार्कची यादी मी उघडूनही पाहिली नव्हती. खोकी माझ्या वडिलांच्याच छापखान्यात छापली. चार हजार, दोन रंगांत. पाच महिन्यांनी परराज्यातल्या एका फरसाणवाल्यांच्या वकिलाची नोटीस आली. तेच नाव त्यांनी खाद्यपदार्थांच्या वर्गात आधीच नोंदवलेलं होतं. उरलेली अडीच हजार खोकी रद्दीच्या भावाने गेली. बाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि ते मला आजही सलतं. तेव्हापासून नाव घेऊन आलेल्या माणसाचा पहिला अर्धा तास मी शोधात घालवते. फीचं बोलणं त्यानंतर.

शोध तुम्हीही करू शकता. आयपी इंडिया या ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा ‘पब्लिक सर्च’ आहे, त्याला पैसे पडत नाहीत. वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत आणि शोधताना वर्ग टाकावा लागतो. मसाला आणि पीठ ३० मध्ये येतं, कोकम सरबत ३२ मध्ये. पुढे लोणचं घातलंत तर २९, दुकान काढलंत तर ३५, खानावळ काढलीत तर ४३. हे पाचही बघा. लोणच्यावरचं नाव मसाल्यावर दिसलं की गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच घरचे वाटतात, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

तुमचं नाव मी इथे मुद्दाम छापत नाही, कारण अर्ज अजून व्हायचा आहे. उदाहरणाला ‘शेवंती’ धरू. इंग्रजी अक्षरांत लिहिताना ‘व’साठी कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू. शेवटी कुणी एक आय लिहितं, कुणी दोन ई. हिंदीवाले तिला सेवंती म्हणतात, म्हणजे सुरुवातीचा एच गेला. या सगळ्या जोड्या एकेक करून टाकाव्या लागतात. उच्चाराने जवळची नावं काढणारा ‘फोनेटिक’ पर्याय तिथे आहे, तोही वापरा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. मराठी उच्चार आपल्या कानाला कळतात तसे यंत्राला कळत नाहीत.

यादीत प्रत्येक नावासमोर त्याची स्थिती लिहिलेली असते. ‘रजिस्टर्ड’ असेल तर तिथेच थांबायचं. ‘ऑब्जेक्टेड’ म्हणजे अर्ज तपासणीत अडकलाय, संपलेला नाही. ‘अबँडन्ड’ दिसलं की लोकांना नाव मोकळं झाल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. तपासणीचा अहवाल ईमेलवर येतो, महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं, घरात कुणी ईमेल उघडलेला नसतो आणि अर्ज बाद होतो. माल मात्र दुकानात चालूच असतो, आणि त्या माणसाचा वापराचा हक्क कुठेही गेलेला नसतो.

म्हणून पुढचा शोध पायांनी करायचा. कणकवली, सावंतवाडीच्या बाजारात फिरा. मुंबईत माल द्यायचाय तर लालबागच्या मिरची गल्लीत एक फेरी मारा, दादरला कोकणचा मेवा विकणाऱ्या दुकानांतल्या फळ्या वाचा. ऑनलाइन माल विकणाऱ्या साइटवर आणि गुगलच्या नकाशावर नाव टाकून बघा, मराठीत आणि इंग्रजीत.

किती जवळचं नाव चालत नाही, हे ठरवायला मी अजूनही सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा एक निकाल डोळ्यांपुढे ठेवते. ‘अमृतधारा’ नावाचं औषध होतं, दुसऱ्या एकाला ‘लक्ष्मणधारा’ नोंदवायचं होतं. अर्थाने बघितलं तर अमृत वेगळं, लक्ष्मण वेगळा. न्यायालयाने सांगितलं की साधा गिऱ्हाईक नावाची फोड करून अर्थ बघत बसत नाही. त्याला नाव अर्धवट आठवत असतं आणि तो त्या आठवणीवर माल मागतो. त्यामुळे ही दोन्ही नावं त्याला सारखीच वाटतील. आमच्या ऑफिसातल्या मुलीला मी फोनवर नवं नाव एकदाच सांगते आणि लिहून घ्यायला लावते. तिने दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं तर तो कागद मी गिऱ्हाइकासमोर ठेवते.

तुमच्या बाजूची गोष्ट अशी की आजीचं हाकेचं नाव हे मालाचं वर्णन नाही. ‘मालवणी मसाला’ किंवा ‘अस्सल कोकणी’ असं नाव एकट्या तुम्हाला कुणी देणार नाही, कारण वस्तू कुठली आणि कसली हे सांगणारे शब्द सगळ्यांचे असतात. देवादिकांची नावंही मी टाळायला सांगते. खाद्यपदार्थांत ‘अन्नपूर्णा’ टाकून बघा, केवढी यादी येते ते. मिळालं तरी अशा नावाचं रक्षण करताना दमछाक होते. घरातल्या माणसाचं नाव टिकतं.

शोध स्वच्छ निघाला तर लगेच अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला एका वर्गामागे ४,५०० रुपये पडतात. मसाला-पीठ आणि सरबत असे दोन वर्ग म्हणजे ९,०००. आज एवढे जमत नसतील तर ३० चा अर्ज आधी करा, सरबताचा नंतर. नुसत्या शब्दाचा अर्ज करा, चित्रासकट लेबलाचा नको; लेबल पुढे दहा वेळा बदलेल. नोंदणी व्हायला वेळ लागतो. तपासणी होते, मग ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये जाहिरात येते, त्यानंतर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतो. पण नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि दहा वर्षं चालते, म्हणून अर्जाच्या तारखेला मोल आहे. अर्ज झाला की नावाशेजारी टीएम लावा. वर्तुळातला आर मात्र प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय लावू नका, ते कायद्याला चालत नाही.

अर्जात ‘वापर केव्हापासून’ असा प्रश्न असतो. तुम्ही चार वर्षं विकताय, तर ती चार वर्षं मांडा, त्याला प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. पहिली पावती, पहिल्या लेबलच्या छपाईचं बिल, जत्रेतल्या स्टॉलचं भाडं भरल्याची पावती, तारखेसकट जुने फोटो. अशा गोष्टी बायका जपून ठेवत नाहीत, घरातलं काम म्हणून सोडून देतात. आजच एक फाइल करा.

आणि पाकिटं. छापखान्यात वाढलेली म्हणून सांगते : पाऊचवर छपाई करायची तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो, आणि नाव बदललं की तो वाया जातो. सध्या कोरे पाऊच घ्या आणि वर लेबल चिकटवा. दुकानदाराला चालतं.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र ड्रोनने पिकांवर फवारणी करणारी कंपनी काढतोय. मी पुण्यात, मित्र न्यू जर्सीत असतो. तो आता अमेरिकेचा नागरिक आहे. पहिलं नाव ‘आधीच्या कंपनीशी मिळतंजुळतं’ म्हणून नाकारलं. शेवटी पुणे जोडलं तरी नाकारलं. आता तिसरं नाव मंजूर झालंय, पण वीस दिवसांत कंपनी केली नाही तर ते जाईल म्हणतात. मित्राचे कागद यायला महिना लागेल. आणि नाव मंजूर झालं म्हणजे ते आमचं झालं ना?

उत्तर : आधी वीस दिवसांचं बघू, कारण तुमचं घड्याळ चालू आहे. हे दिवस मंजुरीच्या तारखेपासून मोजतात, मंजुरीचं पत्र तुम्ही वाचलंत तेव्हापासून नव्हे. पण मुदत वाढवता येते. डिसेंबर २०२० मध्ये कंपन्यांच्या नोंदणी नियमांत ९-ए हा नियम घातला गेला. वीस दिवस संपायच्या आत १,००० रुपये भरले तर नाव मंजुरीपासून चाळीस दिवस राहतं. चाळीस संपायच्या आत आणखी २,००० भरले तर साठ दिवस. किंवा वीस दिवसांच्या आतच एकदम ३,००० भरून थेट साठ. तुम्ही एकदम ३,००० भरा. मित्राच्या कागदांवर तिथल्या नोटरीची सही आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे ती सही खरी असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का, लागणार, आणि त्यात एक जरी नाव पासपोर्टपेक्षा वेगळं लिहिलं गेलं तर सगळं परत. मुदत उलटू दिलीत तर नाव मोकळं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

खरं तर परदेशातला भागीदार असला की मी उलट्या क्रमाने चालते. आधी त्याचे कागद, त्याची डिजिटल सही, आणि ते हातात आल्यावर नावाचा अर्ज. तुमच्या सल्लागाराने नाव आधी घेतलं, ते घाईत झालं असावं.

नाव का नाकारलं तेही समजून घ्या. कंपन्यांच्या नोंदणी नियमांत २०१९ पासून आठवा नियम नव्याने लिहिलेला आहे. दोन नावं ताडून बघताना काय काय दुर्लक्षित करायचं, याची यादीच त्यात आहे. समजा ‘हरित पंख’ नावाची कंपनी आधीपासून आहे. मग ‘पंख हरित’, ‘हरित पंख पुणे’, ‘हरित पंख २४’, ‘ग्रीन विंग्ज’ ही सगळी नियमाच्या नजरेत तीच. शब्दांचा क्रम, एकवचन-अनेकवचन, वेगळं स्पेलिंग, मागे लावलेलं डॉटकॉम, पुढेमागे चिकटवलेलं गाव किंवा आकडा, हिंदी-इंग्रजीतलं पूर्ण भाषांतर, यांतल्या कशानेही नाव वेगळं होत नाही. त्यामुळे नाव नाकारलं गेलं की त्यालाच शेपूट जोडत बसू नये, मुळातला शब्द बदलावा. नावाचा अर्ज ‘स्पाइस प्लस’ फॉर्मच्या पहिल्या भागात होतो, त्याला १,००० रुपये पडतात आणि एका वेळी दोनच नावं देता येतात. दुसरं नाव भरताना लोक कंटाळतात आणि पहिल्याचंच भावंड लिहितात. दोन्ही एकाच कारणाने पडतात आणि पैसे जातात.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. हा अर्ज पुण्यात वाचला जात नाही. तो हरियाणात मानेसरला सेंट्रल रजिस्ट्रेशन सेंटरमध्ये वाचला जातो. तुमच्या नावात मराठी शब्द असेल, गावाकडचा असेल, तर त्याचा अर्थ आणि तो का घेतला हे अर्जात दोन ओळींत लिहा. ‘फवारणी’ हा शब्द तिथल्या माणसाला ओळखीचा असेलच असं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाव मंजूर होणं म्हणजे ते तुमचं होणं नव्हे. दुसऱ्याचा ट्रेडमार्क असलेलं नाव देऊ नये असा नियम आहे, तपासणी होते, तरी नजरेतून सुटतं. कंपनी कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे ट्रेडमार्कचा मालक तुमची कंपनी झाल्यापासून तीन वर्षांत ‘हे नाव बदलायला लावा’ असा अर्ज करू शकतो. केंद्राच्या कंपनी खात्यातल्या रीजनल डायरेक्टरचा आदेश आला की तीन महिन्यांत नाव बदलायचं. नाही बदललंत तर १ सप्टेंबर २०२१ पासून अशी तरतूद आहे की ओआरडीएनसी ही अक्षरं, आदेशाचं वर्ष, अनुक्रमांक आणि तुमचा कंपनी क्रमांक मिळून जे होईल तेच कंपनीचं नाव. ज्या नावासाठी दोन मित्र रात्ररात्र फोनवर बोलले, त्या जागी आकडे. तेव्हा वर कुडाळच्या ताईंना सांगितलेला ट्रेडमार्कचा शोध आज रात्रीच करा. मुदतवाढीचे पैसे भरायच्या आधी.

कंपनीऐवजी एलएलपी केलीत तर राखून ठेवलेलं नाव तीन महिने टिकतं आणि अर्जाला २०० रुपये पडतात. पण परदेशातल्या भागीदाराचे कागद तिथेही लागतात. डोमेन मिळालं म्हणून नाव आपलं, असं धरून चालणाराही एखादा दर महिन्याला भेटतो. डोमेन हा पत्ता आहे. तो घेऊन ठेवा, देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं तेही घ्या, पण त्याला हक्क समजू नका.

प्रश्न : आमच्या वडिलांचं नाव शिवाजी. ते गेल्या वर्षी गेले. आम्ही दोघे भाऊ सातारा रस्त्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान भागीदारीत काढतोय आणि ‘शिवाजी अँड सन्स’ नाव ठेवायचं आहे. शेजारच्या गाळ्यात चुलतभाऊ परमिट रूम काढतोय, त्याला गडाचं नाव द्यायचं आहे. काही अडचण येईल का?

उत्तर : दोघांनाही येईल. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे लिहिताना मला जड जातंय.

बोधचिन्हं आणि नावं यांचा गैरवापर रोखणारा १९५० चा एक केंद्रीय कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, आणि त्यापुढे ‘गांधी’, ‘नेहरू’ आणि ‘शिवाजी’ हे नुसते शब्दही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ते धंद्याच्या नावात किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाहीत. असं नाव असलेली फर्म, कंपनी किंवा ट्रेडमार्क नोंदवू नये, असंही नोंदणी करणाऱ्याला बजावलेलं आहे. तुम्ही नाव वडिलांचं म्हणून घेताय हे मला कळतं, पण कायदा शब्द बघतो. रस्त्याने अशा पाट्या दिसतात हे खरं आहे. त्यावर विसंबून तुम्ही पाटी लावाल, आणि फर्म नोंदवायला गेलात की अडेल. आणि भागीदारी फर्म नोंदवायलाच हवी : नोंद नसलेल्या फर्मला १९३२ च्या कायद्याच्या ६९ व्या कलमामुळे करारातल्या पैशांसाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. सुट्या भागांच्या धंद्यात उधारी असतेच.

माझं सुचवणं असं आहे. वडिलांना गावात कोणी आबा म्हणत असेल, अण्णा म्हणत असेल, तर ते आणि आडनाव मिळून नाव करा. गिऱ्हाइकं त्यांना त्याच नावाने ओळखत असतील. आणि दुकानात त्यांचा फोटो लावा, त्याच्याखाली त्यांचं पूर्ण नाव लिहा.

चुलतभावाला सांगा, जिथे दारू विकली किंवा दिली जाते तिथल्या पाटीवर गडकिल्ल्यांची किंवा थोर व्यक्तींची नावं लिहायला महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने मनाई आहे. ती मनाई मला योग्य वाटते. त्याच दुरुस्तीने लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक केली, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. पाटी रंगवायला देताना रंगाऱ्याला हे दोघांनीही आधी सांगा.

प्रश्न : नागपुरात २०१६ पासून माझं छोटं कॅफे आहे. नावाचा ट्रेडमार्क कधी केला नाही. आता दिल्लीच्या एका कंपनीची नोटीस आली. त्यांची नोंदणी २०१९ ची आहे आणि २०१८ पासून नाव वापरतो असं त्यांनी लिहिलंय. पंधरा दिवसांत पाटी उतरवा म्हणतात. मी खरंच उतरवू का?

उत्तर : आज उतरवू नका. आणि त्यांना फोन करून किंवा व्हॉट्सअॅपवर काहीही लिहून देऊ नका. घाबरून लिहिलेलं ‘माफ करा, आम्हाला माहीत नव्हतं’ हे वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचलं जातं.

ट्रेडमार्क कायद्याचं ३४ वं कलम तुमच्यासारख्यांसाठी आहे. तुमचा वापर त्यांच्या वापराच्याही आधीचा आणि नोंदणीच्याही आधीचा असेल, आणि तो सलग चालू असेल, तर नोंदणीच्या जोरावर ते तुम्हाला थांबवू शकत नाहीत. त्यांनी स्वतःच २०१८ आणि २०१९ ही सालं लिहिली आहेत. तुमचं २०१६ या दोन्हींच्या आधीचं आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीला ‘इरुट्टुक्कडै हलवा’ प्रसिद्ध आहे. इरुट्टुक्कडै म्हणजे अंधारं दुकान. त्या नावाच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं की नंतर कुणी नोंदणी मिळवली तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क वरचढ असतो.

पण हे सगळं पुराव्यावर उभं राहतं. २०१६ चा भाडेकरार, त्या वेळचा दुकान परवाना, पाटी रंगवणाऱ्याचं बिल, वर्तमानपत्रात दिलेली उद्घाटनाची जाहिरात, दर वर्षाची दोन-चार बिलं. मधलं एखादं वर्ष रिकामं राहू देऊ नका. कोविडच्या टाळेबंदीत कॅफे बंद असेल तर त्या काळातली वीजबिलं आणि भाडं भरल्याच्या पावत्याही जोडा. हे घेऊन ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा, मुदतीच्या आत लेखी उत्तर जाऊ द्या, आणि त्याच आठवड्यात ४३ व्या वर्गात २०१६ पासूनचा वापर दाखवून स्वतःचा अर्ज करा. तोवर पुण्यात किंवा दुसऱ्या शहरात त्या नावाने शाखा काढू नका. तुमचा वापर नागपुरातला आहे, आणि त्याबाहेर पाऊल टाकलंत तर भांडणाचं स्वरूप बदलेल.

हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत पंधरा दिवस उलटून गेलेले असतील, म्हणून हेच उत्तर तुम्हाला मी पत्र आलं त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवलं आहे. २०१६ चा भाडेकरार सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंद झाली होती का ते घरमालकाला विचारा, तिथून प्रत मिळते.